उडवलेला रकाना

“अण्णा, हे काम म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!” कुंदन म्हणाला.

सुरतेच्या पर्वत पाटिया भागातल्या एका साडीवाल्या शेठचं ऑफिस तो सांभाळायचा. आपल्याइतकं एक्सेल अख्ख्या सुरतेत कुणाला येत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. शेठला कॉम्प्युटर चालू-बंद करण्यापलीकडे काही येत नसल्यामुळे ही समजूत मोडणारं कुणी भेटलंही नव्हतं.

अण्णा म्हणजे पंडित अण्णा, सुरतेतल्याच उधन्याच्या खानदेशी मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचा वधू-वर मेळावा दरवर्षी हॉलमध्ये व्हायचा. मुलींना स्टेजवर उभं करून माइकवरून उंची, रंग, शिक्षण पुकारायचं, अशी रीत. ती यंदा अण्णांच्या भाचीने बंद पाडली. उज्ज्वला तिचं नाव, बँकेत नोकरीला. “मामा, आम्ही काय साडीचे सॅम्पल आहोत का?” असं तिने भर बैठकीत विचारलं आणि सगळ्या समितीच्या माना खाली गेल्या!

मग अण्णांनी नवी पद्धत काढली. जोड्या समितीने सुचवायच्या आणि सगळ्या मुलांनी रविवारी अकराच्या मुहूर्तावर आपापल्या मुलीच्या घरी बघायला जायचं. सगळ्यांनी एकाच वेळी. म्हणजे चार घरचे पोहे खाऊन तुलना करत बसायची कुणाला सोयच नाही.

अडचण होती ती मुला-मुलींच्या एकत्र यादीची. मुलींना नंबर दिले होते क1, क2 असे आणि मुलांना व1, व2 असे. क म्हणजे कन्या, व म्हणजे वर. पण क्रम लावायला सांगितला की कॉम्प्युटर क1 नंतर एकदम क10 आणायचा, मग क11, आणि क2 बिचारी पार खाली जाऊन पडायची.

“अरे, दोन नंबरची पोरगी एकोणीसच्या खाली कशी?” अण्णा करवादले. “तिचा बाप मला उभा सोलेल!”

“अक्षर आणि आकडा एकाच खणात कोंबले की असंच होणार, अण्णा. फॉर्म्युल्याने दोघांना वेगळं करतो. लेफ्ट लावला की अक्षर डावीकडे, राइट लावला की आकडा उजवीकडे. मग क्रम कसा सरळ लागतो बघा!”

“हे जमवलंस ना, तर उज्ज्वलाला बघायला तूच जायचं. बस?”

कुंदनचे कान गरम झाले. गेली दोन वर्षं तो पासबुक छापून घ्यायच्या निमित्ताने उज्ज्वलाच्या खिडकीसमोर उभा राहत होता. खात्यात काही हलत नव्हतं, तरी पासबुक मात्र ताजं असायचं. ती हसून “काहीच नवीन नाही” म्हणायची आणि तेवढ्यावर त्याचा आठवडा जायचा. खरं सांगायचं तर तो तिच्यावर जीव टाकत होता. फक्त तसं सांगायचा फॉर्म्युला त्याच्याकडे नव्हता.

त्याने काम झकास केलं. एका रकान्यात अक्षरं, दुसऱ्यात आकडे, आणि आकडे 1, 2, 3 असे शाळेतल्या पोरांसारखे रांगेत. अण्णांनी पाठ थोपटली. पण छापायला घेतलं तर शेवटचा रकाना कागदाबाहेर जायला लागला! कुंदनने एक क्षण विचार केला. क्रम लागला म्हणजे अक्षरांचं काम संपलं. त्याने अक्षरांचा रकाना उडवून टाकला. जुना, चिकटलेल्या नंबरांचाही उडवला. कागद सुबक निघाला.

मग त्याच यादीवरून मुलांना मेसेज गेले. समितीने ठरवलेला मुलीचा नंबर टाकायचा आणि समोरचा पत्ता कॉम्प्युटरने उचलायचा. नावं घालायची नाहीत असा अण्णांचा दंडक होता, कारण व्हॉट्सअॅपवरचं नाव संध्याकाळपर्यंत धुळ्याला पोचतं. मुलींच्या घरी एवढाच निरोप गेला की रविवारी पाहुणे येतील.

कुंदनलाही मेसेज आला. नंबर 9, पत्ता इच्छापोर, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

“आरे, ती पोर ते मांगली गल्लीम्हा ऱ्हास ना?” त्याची आई सुंदराबाई म्हणाली. “इच्छापोर कसाले जावानं?”

“राहते मागच्या गल्लीतच, पण कार्यक्रम मामाकडे ठेवला असेल, आई.”

“तिना मामा ते पंडित अण्णा. तो बी आठेच ऱ्हास!”

“हो, अण्णा इथेच राहतात. मग काकाकडे असेल! माझा फॉर्म्युला आहे आई, चुकेल कसा?”

सुंदराबाईने पदर खोचला, नारळ-ब्लाउजपीसची पिशवी उचलली आणि रिक्षात बसली. कुंदनने नवा शर्ट घातला होता आणि अत्तर जरा जास्तच लावलं होतं. रिक्षावाला पूर्ण रस्ता डोकं बाहेर काढून चालवत होता.

इच्छापोरच्या त्या घराला भलंमोठं कुलूप होतं.

शेजारच्या ओट्यावर एक गुजराती बेन शेंगा सोलत होत्या. “ए लोको तो छोकरी जोवा गया छे,” त्या म्हणाल्या.

“मुलगी बघायला? अहो, मुलगी इथेच आहे ना!”

“अहीं क्यां छोकरी छे? एक छोकरो छे, एय कुंवारो!”

कुंदन काही बोलणार तोच फोन वाजला. उधन्याहून शेजारच्या शांताबाई. “अरे कुंदन, तुमच्या दारात पाव्हणे आलेत! मुलगी बघायची म्हणतात. तुमच्याकडे मुलगी कुठली रे?”

कुंदनने तिथंच मोबाइलवर यादी उघडली. यादीत दोन नऊ होते. एक क चा, एक व चा, पण आता दोन्ही नुसते नऊ. मुलांची नावं अण्णांनी आधी भरली होती, म्हणून कॉम्प्युटरने प्रत्येक वेळी पहिला दिसलेला नऊ उचलला होता. आणि नऊच कशाला? प्रत्येक मुलगा दुसऱ्या मुलाच्या घरी पाठवला गेला होता! आणि तो दुसरा तिसऱ्याच्या घरी गेलेला असल्यामुळे सगळ्या सुरतेत मंडळाच्या मुलांच्या घरांना कुलपं होती आणि प्रत्येक कुलपासमोर एकेक नवरदेव नारळ घेऊन उभा होता. मुली मात्र आपापल्या घरी पोह्यांवर झाकण ठेवून बसल्या होत्या.

तेवढ्यात अण्णांचा फोन. “गाढवा! सगळ्या पोरींचे बाप माझ्या दारात उभे आहेत! माझी भाची नटून बसलीय. कुठे आहेस तू?”

“इच्छापोरला.”

“इच्छापोरला? उज्ज्वला तुझ्या मागच्या गल्लीत राहते ना रे!”

“येतोच, अण्णा! तिला थांबायला सांगा!”

अण्णांनी फोन कापला.

रविवारची दुपार, इच्छापोरहून उधन्याला यायचं आणि मध्ये रिक्षाचा गॅस संपलेला. मागच्या गल्लीत पोचेपर्यंत दोन वाजून गेले होते.

उज्ज्वलाच्या दारात चपलांचा ढीग होता. आत योगेंद्र नावाचा एक उंच मुलगा मांडी घालून दुसऱ्यांदा पोहे घेत होता. अण्णा खुशीत होते. योगेंद्रला मेसेज कुंदनच्या घराचा आला होता. कुलूप दिसल्यावर त्याने शांताबाईंना सरळ विचारलं, “इथे जवळपास लग्नाची मुलगी कोणाची?” शांताबाईंनी मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं, एक वाजेपर्यंत कुंदनची वाट पाहून अण्णांनीही फोनवर होकार दिला आणि पाहुणे चालतच आले. पसंती झाली होती.

उज्ज्वला पेढ्यांचा बॉक्स घेऊन बाहेर आली. कुंदनला पाहून ती थांबली.

“मीच मामांना तुमचं नाव सुचवलं होतं,” ती हळूच म्हणाली. “एक वाजेपर्यंत वाट पाहिली. आमचं घर माहीत नव्हतं का तुम्हाला?”

“होतं.”

“मग?”

“मेसेजमध्ये इच्छापोर होतं.”

उज्ज्वलाने पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.