मेंढरं, टाचण्या आणि डोंगर

मी डोंगर धरून उभी होते, हे कोणालाही पटत नाही. शपथ घेऊन सांगितलं, सुजलेला दंड दाखवला, तरी लोक मान डोलवतात आणि म्हणतात, "किती नम्र आहात हो तुम्ही!" मला आजवर कोणी नम्र म्हटलेलं नाही. म्हणायची कोणाची छातीच झाली नाही.

मी शिवणकाम करते. शाळेच्या संगीत नाटकातल्या मेंढरांचे पोशाख माझ्याकडे शिवायला होते. एका मेंढराची बाही आखूड झाली म्हणून मी मापाची पट्टी गळ्यात टाकून शाळेत गेले. एका बाहीसाठी. तिथे बघते तर मेंढरं बाकांवर चढलेली, लांडगा भोकाड पसरून रडतोय आणि नाटक बसवणाऱ्या बाईंचा घसा बसलेला. डॉक्टरांनी त्यांचं बोलणंच बंद केलेलं. त्या बिचाऱ्या हातवारे करत होत्या आणि पोरं त्या हातवाऱ्यांच्या नकला करत होती.

मी फक्त "ए!" म्हटलं.

लांडग्याचं रडं घशातच अडकलं. खिडकीबाहेरचा माळीसुद्धा पाणी घालायचा थांबला. मुख्याध्यापक धावत आले.

"ताई, हा आवाज तुमचा?"

"हो. का?"

"नाटक बसवाल?"

"मी चौथीपर्यंत शिकलेय."

"मेंढरं पहिलीतलीच आहेत." (हा माणूस थट्टा करतोय की खरं बोलतोय, अजून कळलेलं नाही मला.)

आमचे हे सुतार. नाटकातला फळ्यांचा डोंगर ह्यांनीच केलेला. घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. इतकी वर्षं मी एकटाच ऐकत होतो."

नाटक तसं साधं. धुक्यात मेंढरं चुकतात. त्यांना राखणारी मुलगी कुठे दिसत नाही, पण 'थांबा, मी येते' असं ती सांगून गेलेली असते. म्हणून मेंढरं जागची हलत नाहीत. मग सगळ्यांत लहान मेंढरू गातं, 'दिसत नाही म्हणून नाही, असं कुठे असतं?' आणि मुलगी येते.

बाईंना मी तोंडावर सांगितलं, "गाणं छान, पण खोटं." आई आजारी होती तेव्हा मी देवाला हाका मारून मारून दमले होते. आला नाही. तेव्हापासून त्याचा नि माझा अबोला. बाईंना काही उत्तर देता येईना, ते माझ्या पथ्यावरच पडलं.

पण ते लहान मेंढरू! एवढीशी पोर, सगळे तिला चिमटी म्हणायचे. आवाज असा, की माझं मशीन थांबावं.

"मावशी, ती नक्की येते ना?"

"नाटकात येते."

"आणि खरंच?"

"आधी शेपटी सरळ कर."

मी पोरांना एकच नियम घातला. माझा हात वर असेपर्यंत कोणी हलायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. हात खाली आला की गाणं.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. धुक्याचा प्रवेश आला. मेंढरं डोंगराखाली बसली, चिमटी अगदी पायथ्याशी. मी डोंगराला लागूनच, कडेला पडद्याआड होते. लांडग्याची शेपटी नुकतीच टाचली होती, उरलेल्या टाचण्या ओठांत धरलेल्या. (आम्हा शिवणाऱ्यांची सवय.) मी हात वर केला. आणि डोंगर कलला.

कलला म्हणजे माझ्यासमोर, पोरांच्या अंगावर! मी वर केलेल्या हातानेच त्याची चौकट पकडली, दुसरा हात खाली लावला. ओरडावं तर तोंडात टाचण्या. थुंकाव्यात तर समोर अनवाणी मेंढरं. आणि पोरं? पोरं माझ्या वर असलेल्या हाताकडे बघत बसलेली. हात वर, म्हणजे हलायचं नाही. डोक्यावर डोंगर येतोय, ह्यांचं आपलं हाताकडे लक्ष. चिमटी तर माझ्याकडे बघून हसली.

पियानोवाल्या सरांना काही सुचेना, ते एकच सूर लावून बसले. सभागृहात चिडीचूप.

दंडात कळ यायला लागली. एवढ्या पोरांचा माझ्यावर विश्वास, आणि मी तर कोणावरच ठेवत नव्हते. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवून काही मागितलं. म्हटलं, बाबा रे, आपलं भांडण नंतर मिटवू. माझ्यासाठी येऊ नकोस, ह्यांच्यासाठी ये.

आणि मागून कोणीतरी डोंगर उचलून धरला. वजन एकदम हलकं! वळून पाहिलं, तर आमचे हे. प्रेक्षकांत बसल्या बसल्या आपल्या हातचा डोंगर वाकडा दिसला, आणि मागच्या दाराने धावत आले. (देवाने पाठवून पाठवून कोणाला पाठवलं बघा.)

मी हात खाली केला. चिमटी गायली. असं गायली, की टाचण्या तोंडात असूनही माझे ओठ थरथरले. खोटं नव्हतं ते गाणं. माझ्याच कानांत बोळे होते.

प्रयोग संपल्यावर मुख्याध्यापक डोळे पुसत आले. "ताई, ती शांतता! कसं सुचलं?"

"सुचलं कसलं! डोंगर धरून उभी होते मी."

"खरंय," ते गहिवरून म्हणाले, "आपण सगळेच आपापला डोंगर धरून उभे असतो."

बाईंनी तर गळ्यात पडून न बोलता कौतुक केलं. पुढच्या वर्षीचं नाटकही माझ्याच गळ्यात घातलं.

घरी आल्यावर ह्यांनी विषय काढला. "डोंगराला मागून टेकू लावला होता मी. गेला कुठे?"

"पोरं कपडे बदलत होती त्या खोलीचं दार सारखं आपटत होतं. अडकवायला लाकूड हवं होतं. पडद्यामागे एक उगाच उभं होतं."

"उगाच उभं होतं?"

मी दंडाला तेल चोळायला घेतलं.

"मग चूक कोणाची?"

आता माझ्या घरातली चूक आजवर ह्यांचीच असायची, तसा रिवाजच आहे. पण ज्यांनी पोरं वाचवली त्यांच्यावर आजच्या आज ढकलायला मलाही जड गेलं. मी विचार केला.

"त्याच्या इच्छेशिवाय झाडाचं पानही हलत नाही म्हणतात," मी म्हटलं. "मग टेकू कसा हलेल?"

ह्यांचा चेहरा असा उजळला, जसा लग्नातही उजळला नव्हता. "नीट नाव घेऊन सांग बघू. उद्या परत माझ्यावर यायला नको."

"देव."