नावडत्या कवितांचा बंदोबस्त

बोईसरजवळच्या एका शाळेतले मराठीचे शिक्षक निवृत्त झाले आणि तो विषय रसायनशास्त्राच्या भावना मॅडमकडे आला. दोन्ही विषयांत पाठांतरच असतं, असं मुख्याध्यापकांचं मत होतं. नववीच्या तोंडी परीक्षेचा प्रश्न वरूनच ठरून आला होता : पुस्तकातला सर्वांत आवडता आणि सर्वांत नावडता पाठ सांगून तुलना करा.

किनाऱ्यावरच्या मुरबे गावची रिद्धी उभी राहिली. "मला उंटाची गोष्ट आवडली. तो रुसतो ते एकदम पटलं."

"उंट पाहिलायस कधी?"

"नाय. म्हणून तर पटलं. ती दर्याची कविता नाय आवडली. त्यातला कोळी जाळं वढताना गातो. आमचे बाबा तेव्हा बोलत पन नाय. दम लागतो."

मागच्या बाकावरून डोंगरपाड्यावरची लाडकी म्हणाली, "तशीच ती डोंगराची. त्यात आमी दिवसभर नाचतो. आमच्या घराला दिवाळीपासून कुलूप हाय. आयबा वीटभट्टीवर गेलेत. मंग नाचतं कोन?"

मॅडमनी दोघींना पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापकांनी ते खोडले.

"पुस्तक मंजूर आहे, मॅडम. मंजूर कविता नावडती असू शकत नाही."

"प्रश्नच तसा आहे, सर."

"प्रश्नही मंजूर आहे. उत्तर चुकलं."

"लिटमस लाल झाला म्हणून आपण लिटमसला नापास करत नाही."

"लिटमसला नावड मागे घेता येत नाही. मुलींना येते."

मुलींनी ती मागे घेतली नाही. म्हणजे दोघी नापास. आणि नापास झाली तर शाळा बंद, हे रिद्धीच्या घरी आधीच ठरलेलं होतं. मॅडमनी वर दाद मागितली.

पालघरहून अधिकारी आले. त्यांनी कारण तासाभरात शोधलं : मुलांना नेमकं ओळखीचं तेवढंच खटकतं. उपाय सोपा होता. दर्याची कविता किनाऱ्यावरच्या मुलांना माफ झाली आणि डोंगरातल्यांना सक्तीची. डोंगराची त्याच्या उलट. कारखान्यांच्या मंगल धुरावरची कविता दोघांनाही लागली. कारखान्यांना लागूनच असलेल्या, खिडक्या लावून झोपणाऱ्या सालवडच्या मुलांना मात्र ती माफ झाली. मग दोघींची फेरपरीक्षा ठरली.

रिद्धी पास व्हावी, असं मॅडमना मनापासून वाटत होतं. तिनं खोटं बोलू नये, असंही वाटत होतं.

"डोंगराची कविता लय आवडली, मॅडम," रिद्धी म्हणाली. "तिकडं किती मजेत हायत सगळी."

"लाडकी वेगळं सांगत होती ना?"

"ती सांगते तसं. पन पुस्तकात हाय ना."

रिद्धी अगदी खरं बोलत होती. मॅडमनी पूर्ण गुण मांडले. थोड्या वेळानं लाडकीनं दर्यावरच्या लोकांचं गाणं तितक्याच मनापासून वाखाणलं आणि तीही पास झाली.

जिल्ह्यातली नावड शून्यावर आली. आता त्याच कविता मोठ्या वाचकांसाठी पुस्तकरूपानं निघाल्या आहेत. शहरात एकही कविता वगळावी लागली नाही. तिथं सगळ्यांनाच त्या फार खऱ्या वाटतात. तुम्हीही जरूर वाचा. तुमच्या घराबद्दल त्यात काहीही नाही.