पंधरा दिवसांत मंजुरी

पैज लागली ती गेटजवळच्या बाकावर, आणि दोन्ही पक्ष पूर्ण शुद्धीत होते. एका बाजूला शेरेकाका. चौतीस वर्षं सरकारी खात्यात काढलेली, आणि आलेल्या कागदावर शेरा मारून तो परत धाडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी झाला नाही. दुसऱ्या बाजूला तळमजल्यावरचा शिंपी, ज्याला ऑफिसची पाटी वाचूनच घाम फुटायचा. विषय होता काकांच्या फुप्फुसातली कॅन्सरची गाठ. वर्षभर चाललेल्या गोळीला ती आता जुमानेनाशी झाली होती. नवी गोळी हवी होती, ती मंजूर करणार काकांच्याच खात्याचं औषध-मदत कार्यालय, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की महिना उलटला तर मग मला विचारू नका.

"पंधरा दिवसांत मंजुरी आणतो," काका म्हणाले. "अरे, खातं माझं आहे."

"म्हणूनच भीती वाटते," शिंपी म्हणाला.

मग ठरलं की हरणाऱ्याने रविवारी सकाळी, सगळ्यांसमोर, चारही मजल्यांचा जिना पुसायचा. ढेरपोट्या शिंपी पायरी पायरी उतरतोय हे डोळ्यांसमोर आणून काका इतके हसले की खोकल्याची उबळ आली, आणि बायकोला पाणी घेऊन धावावं लागलं.

आजार काकांना एका झटक्यात कळला होता. डॉक्टरीणबाईंनी पाकिटाच्या मागे एक पेशी काढली, तिच्या पोटात शेंगदाण्यासारखं काहीतरी काढलं, आणि म्हणाल्या, हे मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं वीजघर. गोळी पेशीला मरायचा हुकूम काढते आणि तो या वीजघरातून पुढे जावा लागतो. पण तुमच्या गाठीने वीजघराच्या दारात एका जातीची प्रथिनं गच्च भरून ठेवलीत.

"म्हणजे हुकूम निघतो, पण पुढे सरकत नाही," काका म्हणाले.

"अगदी बरोबर."

"त्याच्यावर बसून राहतात म्हणा की."

काकांच्या चेहऱ्यावर असा काही आदर उमटला, की बायकोने त्यांना कोपराने ढोसलं. नवी गोळी त्या प्रथिनांनाच दारातून उठवते, हे ऐकून मात्र ते खुर्चीत जरा सावरून बसले.

पैजेच्या दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. गाठ वाढल्याचे फोटो जोडले होते, पण गाठ वाढली ती त्या प्रथिनांमुळेच, याचा पुरावा हवा होता. त्यासाठी तपासणी करा, असं त्यांनी सांगितलं. काका तपासणीच्या खिडकीवर गेले. तिथे कळलं की ही तपासणी महाग, म्हणून ज्यांना नवी गोळी मंजूर झाली आहे त्यांचीच होते. काका पहिल्या खिडकीवर परत आले. तिथे कळलं की तपासणीशिवाय मंजुरी नाही. आठ दिवसांत त्यांनी त्या दोन खिडक्यांमध्ये इतक्या फेऱ्या मारल्या, की पहारेकरी त्यांना कर्मचारी समजून सलाम ठोकायला लागला.

नवव्या दिवशी त्यांना दम लागला आणि ते खिडकीला धरूनच उभे राहिले. म्हणाले, असले नियम करणारा गाढव कोण आहे, मला त्याला भेटायचंय.

बाईंनी ड्रॉवरमधून एक पिवळी पडलेली तपासयादी काढली. "काका, असं बोलू नका. एका फार हुशार माणसाने केली आहे ही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात."

अक्षर काकांचंच होतं. बावीस कलमं. शेवटचं कलम असं: शंका असल्यास पूर्वीचेच पुढे चालू ठेवावे. याबद्दल त्यांना प्रमाणपत्र मिळालं होतं. ते घरी दिवाणखान्यात लावलेलं होतं. काकांनी यादी परत दिली आणि बाईंना सांगितलंही नाही की गाढव समोरच उभा आहे.

पंधराव्या दिवशी, ऑफिस सुटायच्या आत, खास माणूस घरी येऊन मंजुरी देऊन गेला. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. प्रकरणात शंका असल्याने कलम बाविसानुसार जुनीच गोळी आणखी सहा महिने मंजूर करण्यात आली होती.

मंजुरी तर आली, असं काकांनी शिंप्याला ऐकवून पाहिलं. बायकोने कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. "गोळी जुनी आहे," ती म्हणाली. "हरलात तुम्ही. आणि मी उद्या डॉक्टरीणबाईंकडे जातेय, तुमच्या खात्याच्या नाकावर टिच्चून."

रविवारी दहा वाजता काका बादली आणि फडकं घेऊन चौथ्या मजल्यावर उभे राहिले. शिंप्याचा चेहरा उतरला होता. अहो राहू द्या, मी पुसतो, असं तो तीनदा म्हणाला. काकांनी ऐकलं नाही. पैज म्हणजे पैज.

दारं उघडली, खुर्च्या बाहेर आल्या. चौथ्या मजल्यावरच्या मास्तरांनी कोपरा राहिल्याचं दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कॅशियरने फडकं पिळायची योग्य पद्धत सांगितली, बसल्या बसल्या. अकराव्या पायरीवर काका खाली बसले. ओठ निळसर झाले होते.

कुजबुज सुरू झाली. मध्येच खाली बसलेलं पैजेत चालतं का? शिंपी म्हणाला, मरू दे ती पैज. पण हा प्रश्न आता दोघांचा राहिला नव्हता, सगळ्या इमारतीचा होता. तिथल्या तिथे चौघांची समिती नेमली गेली. तेवढ्यात बायको धावत आली आणि तिने फडकं काकांच्या हातातून ओढून घेतलं.

"वहिनी, तसं चालणार नाही," मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. "हरलेत ते."

तुम्ही तिथे असतात तर लगेच धावला असतात, यात शंकाच नाही. फक्त आधी विचारलं असतंत, परवानगी कुणाची घ्यायची.