मुकुंदकाका आणि पऱ्याचा पूर

मुकुंदकाका गढूळ पाणी चाखत. अगदी रस्त्यावरच्या डबक्यात करंगळी बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "खारं नाही. वरचं आहे, कातळावरचं." मग बाजूला थुंकून रुमालाने करंगळी पुसायची. बघणाऱ्याला किळस यायची. काकांचं मात्र कधी साधं पोट बिघडल्याचंही कुणी ऐकलं नाही.

बंदर खात्यात भरती-ओहोटीचे आकडे लिहिण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर आकडे थांबले, नाद थांबला नाही. अनोळखी माणूस भेटला की आपण 'गाव कुठलं?' म्हणून विचारतो ना, तसं काका पाणी दिसलं की विचारत, "पाणी कुठलं?" एकदा समोरच्या इमारतीत भिंत गळायला लागली. खालचे म्हणत वरच्यांची मोरी, वरचे म्हणत पाऊस. दोन घरांत बोलणं बंद. काकांनी ओघळावर बोट फिरवलं, चाखलं आणि म्हणाले, "टीसीएल पावडर आहे यात, जंतू मारायची. नळाचं पाणी. पाइप फुटलाय." भिंत फोडली तर खरंच पाइप! दोन्ही घरांनी काकांना चहा दिला आणि काकांनी दोन्हीकडे तीच हकिगत तितक्याच रंगात सांगितली.

त्यांचा दुसरा नाद म्हणजे विम्याची पॉलिसी. लोक पोथी वाचतात तसं ते भिंग घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचत. माझी त्यांना पाठ होती. मला नव्हती. खालच्या बाजारात माझं दुकान होतं, एक झेरॉक्स मशीन आणि एसटीडीची काचेची खोली. घरोघरी फोन येत चालले होते, त्यामुळे एसटीडीचं काही खरं नव्हतं. सगळी मदार मशीनवर.

आणि त्या आषाढी अमावास्येला मशीन बुडालं.

मी लांज्याला नणंदेच्या मुलीच्या बारशाला गेले होते. तीन दिवस पाऊस धो धो, रस्त्यावर झाड पडलेलं. तिसऱ्या दिवशी परत आले तर दुकानाच्या पायरीवर काका माझीच वाट बघत बसलेले. मशीनमध्ये चिखल. कागदाची रिमं मात्र सगळ्यात वरच्या फळीवर कोरडी ठणठणीत. ती तिथे कशी गेली, हे विचारायचं भान मला नव्हतं. मी रडत होते, आणि काका काय म्हणाले असतील?

"मचूळ होतं गो! अर्धं पावसाचं, अर्धं खाडीचं. हा पूर आहे. तुझ्या पॉलिसीत पूर आहे!"

विमा कंपनीला तसं वाटलं नाही. त्यांच्या सर्व्हेअरने भिंतीवर टिचकी मारली आणि लिहिलं की जवळपास नदी नसल्यामुळे पूर संभवत नाही, पाणी जांभ्याच्या भिंतीतून झिरपलेलं आहे, आणि झिरपलेल्या पाण्याला विमा नाही. दावा नामंजूर. मी हात टेकले. काकांनी मात्र पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांना बढतीच मिळाली.

"ग्राहक मंचात जाऊया," ते म्हणाले. "आयुष्यभर पाणी मोजलं गो मी. कुणी कधी विचारलं नाही."

मग काय विचारता! रोज सकाळी काका नवा कागद घेऊन हजर. आमच्यामागे जो ओढा आहे, ज्याला आम्ही पऱ्या म्हणतो, त्याचा नकाशा. खाडीला तो कुठे मिळतो त्याचा नकाशा. बाणच बाण. सुनावणीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशात पंचांग ठेवलं.

कंपनीचे वकील कोल्हापूरचे, सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, "पूर म्हणजे नदीनं पात्र सोडणं. आमच्या पंचगंगेला येतो, तो पूर. इथं नदी कुठाय?"

"तुमची नदी मोठी, ती सावकाश पात्र सोडते," काका म्हणाले. "आमचा पऱ्या तासाभरात रस्त्यावर येतो. लहान आहे म्हणून त्याला पूर येऊ नये काय?"

मग त्यांनी आपलं गणित मांडलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. त्या सुमाराला खाडी भरून आली आणि तिने पऱ्याचं तोंड बंद केलं. वरून पावसाचं पाणी येतंच होतं, ते जाणार कुठे? रस्त्यावर साचलं आणि उंबरा ओलांडून दुकानात शिरलं.

"पंचांग हा पुरावा नव्हे," वकील म्हणाले.

"मग चंद्राला समन्स काढा. तो वेळेवर येतो."

मंचाचे अध्यक्षही हसले. मला वाटलं, जिंकलो आपण! पण वकील काही कच्चे नव्हते.

"पाणी उंबऱ्यावरून आत आलं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं? दुकान तर बंद होतं."

"किल्ली असते माझ्याकडे. अकराला मी आत होतो. रिमं वर चढवत होतो. मशीन एकट्याला उचलेना."

"तुमचं घर कुठं आहे?"

"दुकानाच्या मागे. पऱ्याला लागून, तीन पायऱ्या खाली."

"म्हणजे पाणी आधी तुमच्या घरात शिरलं असणार."

"होय. दहालाच."

"आणि स्वतःचं घर बुडत असताना तुम्ही दुसऱ्याच्या दुकानात कागद उचलत होता? हे कुणाला पटेल?"

काका पहिल्यांदाच अडखळले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिचं पोट आहे त्याच्यावर. माझं काय, एकटा माणूस. एक कॉट आणि आमच्या हिची ट्रंक."

वकिलांनी कागद आवरले आणि म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही."

निकाल महिन्याभराने माझ्या बाजूने लागला. बाहेर साचून आत शिरलेलं पाणी नदीचं असो की पऱ्याचं, तो पूरच, आणि आपलं घर बुडत असताना दुकानात उभ्या राहिलेल्या साक्षीदारावर अविश्वास दाखवायला कारण दिसत नाही, असं त्यात लिहिलं होतं. पण मला तो कागद धड आठवत नाही. सुनावणीहून परतलो ती दुपार आठवते. काका रोज माझ्या दुकानात येत. मी त्यांच्याकडे दोन वर्षांत, काकी गेल्यापासून, एकदाही गेले नव्हते. मला स्वतःची लाज वाटली. त्यांच्या मागोमाग मी त्या तीन पायऱ्या उतरले.

भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीवर पाण्याची रेघ होती. दोरीवर काकींच्या साड्या होत्या, घडी करून, एकीलाही तपकिरी डाग चुकलेला नव्हता.

"दोनदा धुतल्या," काका म्हणाले. "पऱ्याचा गाळ, जात नाही तो." मला बसायला काय द्यावं ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी कॉटवरची वर्तमानपत्रं त्यांनी उचलली.

"काका, किती वेळ होतं पाणी?"

"दहाला पहिल्या पायरीवर आलं," ते उत्साहाने म्हणाले आणि थांबले. "तुला दुकान उघडायचं असेल."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगा. पहिल्यापासून सांगा."