बारा मीटरचे रोडगे

गर्दी कशी जमवायची हे मला कुणी शिकवू नये. कळमना बाजारात माझी संत्र्याची अडत आहे. ज्या ढिगाभोवती माणसं उभी, त्याच ढिगाकडे पुढचा माणूस वळतो, हे मी रोज बघतो. त्याला संत्री दिसत नाहीत, दिसतात त्या इतरांच्या पाठी. म्हणून बोली सुरू व्हायच्या आधी मी आमचे दोन हमाल आणि चहावाला ढिगाजवळ उभे करून ठेवतो. चहावाला तर आता इतका तयार झालाय की संत्रं हातात घेऊन नाकही मुरडतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमचं लेआउट.

सासऱ्यांनी जाण्याआधी हुडकेश्वरच्या पुढचा शेताचा एक तुकडा वंदनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या नावे करून ठेवला होता. तुकडा लहानच, पण नागपूर त्या बाजूला असं पसरत सुटलंय की जिथे काल तूर होती तिथे आज मंगल कार्यालय उभं असतं. मी ठरवलं, आठ प्लॉट पाडायचे. सात विकायचे आणि एकावर आपलं घर बांधायचं. वंदनाची अट एकच होती. शेताच्या तोंडाशी तिच्या बाबांनी लावलेलं आंब्याचं झाड आहे. लहानपणी ती त्याला डोक्यावरून घागरीने पाणी आणून घालायची.

"सैपाकघराच्या खिडकीतून तो आंबा दिसला पायजे," ती म्हणाली. "बाकी तुम्ही महाल बांधा नाही तं झोपडी."

यात काय कठीण होतं? नकाशे काढणाऱ्या दुर्गेशला गाठलं. त्याने आंब्याला लागून एक नंबरचा प्लॉट काढला, तो आमचा. सुरुवातीला मी एक भव्य गेट काढायला लावलं आणि गेटवर दोन सिंह.

"नकाशात सिंह दाखवत नसतात, भाऊजी," दुर्गेश म्हणाला.

"तू दाखव," मी म्हणालो.

अडचण होती ती रस्त्याची. डांबरी रस्त्यापासून आमच्या शेतापर्यंत एक पांदण आहे, म्हणजे शेताशेतांमधून जाणारी बैलगाडीची जुनी वाट. ती आमच्या शेताच्या कडेने तशीच पुढे इतरांच्या शेतांकडे जाते. दुर्गेशने मला समजावलं की मंजुरीसाठी सरकारी साहेब जागा बघायला येतात. पोचरस्ता नऊ मीटर भरला पाहिजे आणि तो वापरात आहे असं दिसलं पाहिजे. नाहीतर प्रस्ताव जसा गेला तसा परत येतो.

नऊ मीटर भरायला शेजारच्या चंपतरावांच्या धुऱ्याची, म्हणजे बांधालगतची पट्टी लागणार होती. चंपतराव म्हणजे गावातलं जुनं माणूस, वंदनाच्या बाबांचे दोस्त. पट्टी मागायला गेलो तेव्हा ते खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी नकाशा मांडीवर घेतला, उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"हे दोन कुत्रे काहून काढले, जवाईबापू?"

"सिंह आहेत ते."

"असं होय," ते म्हणाले. "बरं, कोणाले किती मीटर रस्ता लागते, हे कोण ठरवते?"

"साहेब ठरवतात."

"काय पाहून?"

"रस्ता किती चालतो ते पाहून."

"अन् समजा जास्त लागला, तं कोणाच्या अंगातून जाते तो?"

"ज्याचं लेआउट त्याच्या."

चंपतरावांनी पुढची शेंग सोलायला घेतली. मला आश्चर्य वाटलं. शेती करणाऱ्या या म्हाताऱ्याला मीटरची एवढी चौकशी कशाला हवी? कळमन्यात जो माणूस इतके प्रश्न विचारतो तो सहसा माल घेत नाही. पण चंपतरावांनी पट्टी देऊन टाकली, तीही काही न मागता.

"घ्या. वंदी आमच्या गावची लेक हाये," ते म्हणाले. त्यांच्या मनात काय चाललंय, हे कोडं मात्र मला सुटेना.

आता राहिलं रस्ता वापरात दाखवणं. म्हणजे माझ्या हातचा मळ. साहेब यायचे त्याच दिवशी शेतात रोडग्यांचा कार्यक्रम ठेवायचा असं मी ठरवलं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी आणि वर तूप म्हटलं की आमच्याकडे कुणी येत नाही असं होतच नाही. पहिलं आवतन द्यायला चंपतरावांकडेच गेलो आणि चूलबंद आवतन दिलं. म्हणजे त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटवायची नाही, घरात जेवढी माणसं असतील तेवढी सगळी आमच्याकडे जेवायला.

"मले एकट्याले?" चंपतराव म्हणाले. "मी तुमच्याइथं रोडगे खाऊन येईन अन् गाव माह्या तोंडाकडं पाहत राहीन? नाई जमत, बाप्पा."

"मग अख्ख्या गावाला चूलबंद," मी बोली लावावी तसा बोलून गेलो.

"पाहा बरं. आपल्याकडं माणूस एकटा येत नाई."

"जेवढे जास्त तेवढं बरं, काका."

वंदनाला सांगितलं तेव्हा तिने मला आपादमस्तक पाहिलं आणि कणकेचा हिशोब करायला घेतला.

त्या दिवशी चंपतरावांच्या रुखमाबाईंनी सकाळपासून गोवऱ्या रचून जाळ केला होता. मी आंब्याखाली नवरदेवाच्या बापासारखा उभा राहिलो. गाव आलं. गावाबरोबर गावात आलेले पाहुणे आले, कारण चूल बंद म्हटल्यावर पाहुण्यांनी कुठे जेवायचं? खाप्याला दिलेल्या लेकी जावयांसकट आल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बाया आल्या. कळमन्यातले माझे अडते चारचाकीतून आले आणि हमाल टेम्पोतून. जो येईल तो पांदणीवर जागा दिसेल तिथे गाडी लावून वासाच्या दिशेने चालू लागत होता. पांदण कधी एवढी भरली नसेल. माझी छाती फुगली.

तेवढ्यात दुर्गेशचा फोन आला.

"भाऊजी, साहेब डांबरी रस्त्यावर उभे आहेत. त्यांची गाडी आत येऊन नाही राहिली."

"येत नाही म्हणजे? नऊ मीटरचा रस्ता आहे!"

"आहे नं. पण आठ मीटरवर तुमचे पाहुणे उभे आहेत."

मी धावलो. सगळ्यात पुढे अडकला होता तो एक ट्रॅक्टर. त्याचा मालक पंगतीत बसला होता, नुकतंच वरण वाढून झालेलं. मी हात जोडून म्हणालो, "जरा ट्रॅक्टर बाजूला घेता का?"

"पंगतीतून उठवता का, जवाईबापू?" तो म्हणाला. अख्खी पंगत माझ्याकडे बघू लागली. भरल्या पानावरून माणसाला उठवायचं म्हणजे आमच्याकडे सात पिढ्यांचं नाव जातं. मागचा टेम्पोवाला पंगतीत, त्याच्या मागचे अडते पंगतीत. जेवून उठले त्यांच्या गाड्या जेवणाऱ्यांच्या गाड्यांनी अडवलेल्या. मी तसाच रिकाम्या हाताने परत फिरलो.

मी डांबरी रस्त्यापर्यंत पोचायच्या आत चंपतरावांनी बैलगाडी जुंपून, स्वतःच्या कापणी झालेल्या शेतातून साहेबांना उचललंही होतं. साहेब बारीक अंगाचे, सभ्य गृहस्थ. मांडीवर टेप घेऊन ते बैलगाडीत बसले होते आणि कुतूहलाने इकडेतिकडे पाहत होते. सगळं गाव हा कोण पाहुणा म्हणून त्यांच्याकडे पाहत होतं.

"आधी जेवा, मंग मोजा," रुखमाबाईंनी हुकूम सोडला आणि साहेब मुकाट्याने पानावर बसले. तूप रोडग्यात मुरत असताना त्यांनी मला विचारलं, "हा रस्ता रोज एवढा चालतो?"

अख्खा कळमना बाजार माझ्या अंगात आला.

"रोज, साहेब," मी म्हणालो. "आज तर कमीच आहे."

मागे चंपतरावांनी घसा खाकरला. साहेबांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "काका, खरं?"

"जवाई खोटं कायले बोलतील?" चंपतराव म्हणाले.

साहेबांनी हात धुतला आणि टेप सोडला. दुर्गेश एक टोक धरून पलीकडच्या बाभळीपर्यंत गेला आणि परत आला. मग साहेबांनी शांतपणे सांगितलं की एवढी वर्दळ असेल तर नऊ मीटर पुरणार नाही, बारा लागतील. रस्ता पुढच्या शेतांनाही जातो, तेव्हा त्यावर गेट चालणार नाही. चंपतरावांची पट्टी आधीच घेतलेली आहे, म्हणून वाढीव तीन मीटर लेआउटच्या बाजूने सोडावे. दुर्गेशने नकाशावर नवी रेघ ओढली. ती एक नंबरच्या प्लॉटमधून अशी गेली की त्याच्या तोंडून नुसतं "अरे" निघालं.

"उरलेला तुकडा झाडासकट मोकळी जागा म्हणून दाखवा," साहेब म्हणाले. "झाड सुंदर आहे हो. सगळ्यांना बसायला होईल."

ते मनापासून बोलत होते. वंदना वरणाची बादली घेऊन बाजूला उभी होती, तिने सगळं ऐकलं. मी शेवटच्या पंगतीला बसलो तेव्हा तिने सगळ्यांना तूप वाढलं आणि माझ्या पानावरून सरळ पुढे गेली. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. ज्या झाडासाठी तिने लहानपणी मान मोडून पाणी वाहिलं होतं, ते मी एका जेवणात सार्वजनिक करून टाकलं होतं.

लेआउट मंजूर झालं. आमचं घर मागच्या आठ नंबरच्या प्लॉटवर यायचं ठरलं. तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त सात नंबरची भिंत दिसणार होती. वंदना घराच्या विषयावर बोलेनाशी झाली. भाजी काय करू, एवढंच विचारायची, आणि मी काहीही सांगितलं तरी वांगी करायची.

मग एका सकाळी चंपतराव आमच्या घरी आले. चहा घेतला आणि पिशवीतून एक नकाशा काढून टेबलावर उलगडला. दुर्गेशचाच हात होता. चंपतरावांचं शेत, त्याच्या कडेने आमचा बारा मीटरचा नवा रस्ता, आत सोळा प्लॉट, आतल्या रस्त्याला गेट आणि गेटवर दोन सिंह.

"कुत्रे तेच ठेवले," ते म्हणाले. "चांगले दिसते."

आता कुठे मला त्या शेंगा सोलत विचारलेल्या प्रश्नांचा उलगडा झाला. एवढीशी पट्टी देऊन त्यांना दारात बारा मीटर मिळाले होते. मी काही बोलायच्या आत वंदना नकाशावर वाकली.

"काका, तुमच्या एक नंबरच्या सैपाकघरातून आंबा दिसते काय?"

"समोरच हाये वं. तो तुह्यासाठीच ठेवला, कोणाले बोललो नाई. तुमचा आठ नंबर मले द्या, हा तुमी घ्या."

वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत गेली आणि चंपतरावांचं तोंड गोड करायला साखरेचा डबा घेऊन आली. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून ती हसली, आणि मला चंपतरावांच्या पाया पडावंसं वाटलं.

"उद्या साहेब येऊन राहिले आमची जागा पाहाले," चंपतराव उठता उठता म्हणाले. "रोडगे हाये. तुमाले चूलबंद."

"काका, कळमन्यातली माणसं आणू?" मी उत्साहाने विचारलं. "आणि गाव?"

"गाव मागचेच रोडगे पचवून राहिलं. तुमी दोघंच या." दारात चपला घालताना ते थांबले. "अन् जवाईबापू, गाडी घरी ठेवजा. पायदल येजा."

बसमधून उतरून आम्ही पायीच गेलो. तेच साहेब गेटच्या खुणेपाशी टेप घेऊन उभे होते. आम्हाला बघून त्यांनी चंपतरावांना विचारलं, "काका, हा आतला रस्ता कितीक चालेल?"

"कोण येते बाप्पा इकडं," चंपतराव म्हणाले. "हे दोघं येतील, तेबी पायदल."

आतला रस्ता नऊ मीटरवर मंजूर झाला.