बरं झाल्याचा साबण

हाचिया कोसाकु यांच्या कमरेत उसण भरली ती पायमोजा उचलताना. मोजा त्यांचाच होता. तो उचलायला म्हणून ते वाकले आणि मग बराच वेळ त्या मोज्याकडेच बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघता येत नव्हतं.

आता हे काही दारात उभं राहून शेजाऱ्यांना सांगायचं कारण नव्हे. त्यामुळे त्यांच्या पत्नीने, फुमिएबाईंनी, विचारायला आलेल्या पहिल्याच बाईला सांगून टाकलं, "सरावात झालं हो. रिलेच्या."

"अगं, सराव कुठला?" आतून हाचियांचा आवाज आला.

"मग काय, मोज्याचं सांगू?"

नाही म्हटलं तरी हाचियांना आतून गुदगुल्याच होत होत्या. गावात दर ऑक्टोबरमध्ये आळ्या-आळ्यांचे खेळ भरत. त्यात शेवटी रिले शर्यत असे, आणि तिसऱ्या आळीसाठी शर्यतीचा शेवटचा टप्पा हाचियांच्या गळ्यात पडलेला असे. शाळेत असताना ते एकदा चांगलं धावले होते. ही गोष्ट त्यांनी स्वतःच कधीतरी साके पिता पिता सांगितली होती आणि तिची फळं ते अजून भोगत होते. चौथ्या आळीचा तोफूवाला कुरामोतो त्यांना दरवर्षी मागे टाकी, ते एक वेळ चालण्यासारखं होतं. पण गेल्या वर्षी दुसऱ्या आळीच्या ओतोवाबाईसुद्धा त्यांच्या पुढे गेल्या. ओतोवाबाईंचं केस कापायचं दुकान होतं, त्यांना नातवंडं होती, आणि पुढे जाताना त्या हाचियांना "माफ करा हं" म्हणाल्या होत्या. ते "माफ करा हं" हाचियांच्या कानातून वर्षभर गेलं नव्हतं. या वर्षी काहीही करून धावायचं नाही, एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती, आणि देवाने मोज्याच्या रूपाने ती ऐकली होती.

गावचे हाडवैद्य ताजिमा हे जुने ज्यूदो खेळणारे. ते माणसाला बरं करत की घाबरवत हे सांगणं कठीण होतं. त्यांनी हाचियांची कंबर अंगठ्याने दाबली, हाचिया ओरडले तेव्हा "हं" म्हणाले, आणि जांभळ्या औषधी पट्ट्या चिकटवून वर रुंद कमरपट्टा आवळला.

"वाकायचं नाही. उचलायचं नाही. शिंक आली तर भिंत धरायची. रविवारपर्यंत बरे व्हाल."

"रविवारी खेळ आहेत," हाचिया घाईघाईने म्हणाले. "सोमवारपर्यंत होईन असं म्हणा ना."

"कंबर तुमची आहे, तुम्ही ठरवा," ताजिमा म्हणाले.

इकडे सरावाची बातमी आळीभर झाली आणि भेटीला येणाऱ्यांची रीघ लागली. आळीप्रमुख मिझोगुची लाकडी पेटीतलं खरबूज घेऊन आले. मोज्यासाठी कोणी खरबूज आणलं नसतं. कोणी केक आणला, कोणी पेअरची करंडी आणली. कुरामोतोने तर, शत्रुपक्षाचा असून, पहाटेचा ताजा तोफू स्वतः आणून दिला आणि "लवकर बरे व्हा, तुमच्याशिवाय धावण्यात मजा नाही" असं म्हणाला. हाचिया गादीवर पडून खरबूज खात होते आणि सोमवारी बरे होणार होते. इतकं सुख त्यांना लग्नानंतर प्रथमच लाभत होतं.

पण भेट घेतली की परतभेट आली. आजारी माणूस बरा झाला की त्याने घरोघरी साबण नाहीतर साखर पाठवायची. साबण विरघळतो, साखर विरघळते, तसं दुखणंही विरघळून गेलं म्हणायचं. पेटीवर कागदी दोरीची गाठ असते, ती अशी बांधतात की एकदा बांधली की सुटत नाही, म्हणजे दुखणं फिरून येत नाही. ती पेटी लोकांच्या घरात पोचली की माणूस बरा झाला. मग त्याची कंबर काही का म्हणेना.

फुमिएबाई कॅलेंडर घेऊन बसल्या.

"अहो, येता मंगळवार फार शुभ आहे. मंगळवारीच वाटून टाकते."

"मंगळवारी? अगं, मी बरा कुठे झालोय?"

"रविवारपर्यंत व्हालच."

"मग पुढच्या सोमवारी वाट. तोही शुभ आहे, मी बघितलंय."

"म्हणजे रविवारी खेळ झाल्यावर?" फुमिएबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "लोक काय म्हणतील? शर्यत संपली आणि लगेच उठून बसला! शेण घालतील तोंडात. खरबूज खाल्लंय तुम्ही, मिझोगुचीसानचं."

खरबूज खरोखरच खाल्लं होतं.

मंगळवारी सकाळी दुकानातून साबणाच्या पेट्यांचं मोठं खोकं आलं आणि दाराशी, चपलांच्या फळीशेजारी, ठेवलं गेलं. फुमिएबाई आत फोनवर बोलत होत्या. हाचिया चोरपावलांनी आले. त्यांचा बेत साधा होता. खोकं जिन्याखालच्या कपाटात ढकलायचं, दुकानाने पाठवलंच नाही म्हणायचं, आणि मंगळवार पार पाडायचा. तशी कंबरही आता बरीच मोकळी वाटत होती. त्यांनी खोक्याला दोन्ही हातांनी मिठी मारली, उचललं, आणि कमरेत कोणीतरी चाप ओढावा तसं काहीतरी झालं.

फुमिएबाई बाहेर आल्या तेव्हा नवरा खोक्यावर पालथा पडलेला होता.

"हे काय?"

"भरली," हाचिया खोक्यात तोंड खुपसून म्हणाले. "पुन्हा."

"उचलायला कोणी सांगितलं होतं?" असं म्हणून त्या थांबल्या. जिन्याखालचं कपाट सताड उघडं होतं. त्यांनी कपाटाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. मग त्यांनी नवऱ्याच्या पोटाखालच्या खोक्यातून एक एक पेटी ओढून काढायला सुरुवात केली.

"अगं, आता साबण कसला वाटतेस? मी पुन्हा आजारी आहे!"

"पुन्हा आजारी पडलात तर लोक पुन्हा खरबूज आणतील. मग मी पुन्हा साबण वाटू? आळीत म्हणतील, यांनी धंदाच मांडलाय. गाठ बांधून झालीय. आता दुखायचं नाही."

दुपारपर्यंत गावात सगळ्यांकडे साबण पोचला आणि हाचिया बरे झाले.

संध्याकाळी मिझोगुची आभार मानायला आले. हाचियांना दारात उभं करण्यात आलं. अंगात सदरा, सदऱ्याखाली कमरपट्टा आणि कमरपट्ट्याखाली ताजिमांच्या जांभळ्या पट्ट्या, अशी त्यांची आतली रचना होती.

"हाचियासान, जीव भांड्यात पडला बघा," मिझोगुची म्हणाले. "मी म्हटलं, यंदा शेवटच्या टप्प्याला कोण? आता काळजी मिटली." आणि ते वाकले.

समोरचा वाकला की आपणही वाकायचं. हे काही विचार करून होत नाही, अंगच ते करतं. हाचियांचं अंग वाकलं आणि तिथेच राहिलं. मिझोगुचींनी मान वर केली तर यजमान अजून खालीच. वयाने मोठे असले म्हणून काय झालं, मिझोगुची चांगल्या घरातले होते. ते पुन्हा वाकले, आणखी खाली. थोड्या वेळाने त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. हाचिया तसेच. ते तिसऱ्यांदा वाकले. शेवटी फुमिएबाईंनी पाठीमागून सदऱ्याला धरून नवऱ्याला सरळ केलं तेव्हा मिझोगुचींच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आजकाल अशी नम्रता बघायला मिळत नाही हो," ते म्हणाले आणि आपली कंबर चोळत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी हाचिया ताजिमांकडे गेले. ताजिमांनी त्यांना दारातच अडवलं.

"समोरून नका येऊ. तुमचा साबण कालच आलाय माझ्याकडे. बरी झालेली माणसं माझ्या दारात दिसली तर माझं नाव खराब होतं. मागून या."

मागच्या दाराशी पांढरे रबरी बूट काढून ठेवलेले होते. आत पडद्यापलीकडच्या खाटेवर कोणीतरी दबक्या आवाजात "आई गं" म्हणत होतं. हाचियांनी त्याकडे लक्ष दिलं नाही, कारण अलीकडच्या खाटेवर ते स्वतः तेच म्हणत होते.

"रविवारी धावलो तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

"धावता येणार नाही."

"आणि नाही धावलो तर?"

"ते मला नाही, बायकोला विचारा," ताजिमा म्हणाले.

रविवारी आभाळ निरभ्र होतं. पाऊस पडावा म्हणून हाचियांनी रात्री केलेल्या सगळ्या प्रार्थना वाया गेल्या होत्या. शाळेच्या मैदानावर चटया पसरल्या गेल्या, डबे उघडले गेले, लहानमोठ्या शर्यती झाल्या, आणि कर्ण्यातून मिझोगुचींचा आवाज आला, "आता शेवटची रिले! तिसऱ्या आळीतर्फे शेवटचा टप्पा, दुखण्यावर मात करून उभे राहिलेले हाचियासान!" टाळ्यांचा कडकडाट झाला. हाचिया ओंडका उभा करावा तसे रेषेवर जाऊन उभे राहिले. छातीवर शेवटच्या गड्याचा तिरका पट्टा होता. चार पावलं टाकायची, कोसळायचं, आणि ओतोवाबाईंचं "माफ करा हं" या वेळी जमिनीवरून ऐकायचं, एवढंच नशिबात उरलं होतं.

शर्यत सुटली. मैदानाच्या पलीकडे धूळ उडाली. इकडे रेषेवर कुरामोतो त्यांच्याजवळ आला. तोही बराच ताठ चालत होता, पण हाचियांना वाटलं, जिंकणारी माणसं तशीच चालतात.

"हाचियासान, साबण मिळाला. फार आभारी आहे," असं म्हणून कुरामोतो वाकला.

हाचियांचं अंग वाकलं.

दोघांची डोकी एकमेकांजवळ आली. पलीकडून बॅटन येत होते. आता हा वर होईल, हाचियांनी मनात म्हटलं. हा वर होणार, धावणार, आणि मी इथे मैदानाच्या मधोमध असा घडीच्या खुर्चीसारखा उभा राहणार. पण कुरामोतो वर होईना.

"कुरामोतोसान," हाचिया जमिनीला उद्देशून म्हणाले, "आधी तुम्ही उठा ना."

"नाही नाही, आधी तुम्ही."

"असं कसं? तोफू तुम्ही आणला होता."

"साबण तुम्ही पाठवलात."

कुरामोतोचा शर्ट पाठीवरून सरकून वर आला होता. खाली मान असल्यामुळे हाचियांना तिरकं बघितल्यावर कमरेपाशी एक रुंद पट्टा दिसला, आणि पट्ट्याच्या कडेला जांभळी पट्टी.

"तुमचीपण?" हाचियांनी हळूच विचारलं.

"सोयाबीनचा हंडा उचलताना," कुरामोतो कुजबुजला. "उन्हाळ्यापासून आहे. कोणाला बोलू नका. बिनकमरेच्या माणसाचा तोफू कोण घेतो?"

"पांढरे बूट तुमचे होते तर!"

"आणि ते 'आई गं' तुमचं होतं."

तेवढ्यात चौथ्या आळीचा धावपटू धापा टाकत बॅटन घेऊन पोचला. बघतो तर दोन मोठी माणसं एकमेकांना नमस्कार करताहेत. अशा वेळी मध्ये तोंड घालणं त्याला काही बरं दिसेना. तो बॅटन दोन्ही हातांत धरून अदबीने बाजूला उभा राहिला. तिसऱ्या आळीचा आला, तोही त्याच्याशेजारी उभा राहिला. पहिल्या आळीच्या गड्याने तर आधीच्याच वळणावर बॅटन पाडला होता आणि तो अजून शोधत होता. मग दुसऱ्या आळीचा गडी आला आणि बॅटन घेऊन सावकाश ओतोवाबाई निघाल्या. त्या दोघांच्या बाजूने जाताना धावता धावताच त्यांनी मान लववली, "माफ करा हं" म्हणाल्या, आणि पहिल्या आल्या. दुसऱ्या आळीला जिंकायची सवय नसल्यामुळे तिथे बराच वेळ कोणी टाळ्याच वाजवल्या नाहीत.

पण बाकीचं मैदान त्या दोघांकडे बघत होतं. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. दोन-तीन बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले. प्रथमोपचाराच्या तंबूतून ताजिमा आले, दोघांच्या मध्ये उभे राहून तेही वाकले, आणि वर येताना दोन्ही हातांनी दोघांचे तिरके पट्टे धरून त्यांना वर घेऊन आले. दोघांच्याही तोंडून जो आवाज निघाला तो लोकांना हुंदका वाटला.

मिझोगुचींचा आवाज कर्ण्यात भरून आला होता. "मंडळी, जिंकणं-हरणं दरवर्षीचंच आहे. पण समोरच्याच्या आधी आपण मान वर करायची नाही म्हणून शर्यत सोडणारी माणसं मी आजवर बघितली नव्हती! मी आळीप्रमुख म्हणून जाहीर करतो, हे दोघं जिवंत आहेत तोवर शेवटचा टप्पा यांचाच. आणि दरवर्षी धावण्याआधी हे दोघं असाच नमस्कार करतील!"

हाचियांच्या पायांखालची जमीन सरकली. ज्यातून सुटायला त्यांनी खोकं उचललं होतं, ते आता मरेपर्यंत त्यांच्या गळ्यात बांधलं गेलं होतं, आणि तेही न सुटणाऱ्या गाठीने.

बक्षीस म्हणून दोघांसाठी नव्या तांदळाची एकेक गोणी आणून समोर ठेवण्यात आली. "उचला, उचला, फोटो काढायचाय!" लोक ओरडले. नकार देणं शक्यच नव्हतं. दोघंही आपापल्या गोणीवर वाकले, आणि अपेक्षेप्रमाणे तिथेच राहिले. लोकांना वाटलं, आता तांदळाला नमस्कार चाललाय. टाळ्या वाढल्या.

"हाचियासान," गोणीआडून कुरामोतोची कुजबुज आली, "आता दरवर्षी धावायचं हो!"

हाचियांनी खाली मान घालून जरा विचार केला. हल्ली त्यांचा बराचसा विचार याच स्थितीत होत असे. आज आपण धावलो कुठे? आणि लोक तर टाळ्या वाजवतायत. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"धावायचं कशाला?" ते म्हणाले. "पुढच्या वर्षी जरा आधीच वाकू."

फुमिएबाई अगदी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. "खाली मुंडी, पाताळ धुंडी," एवढंच त्या पुटपुटल्या, नवऱ्याला बाजूला सारलं, आणि गोणी उचलून खांद्यावर टाकून घराकडे चालू लागल्या.