लेझरचा पहिला मान

नारीन शहराजवळच्या आमच्या गावच्या दवाखान्यात दाताच्या मुळातली नळी साफ करणारं लेझरचं यंत्र दाखल झालं, तेव्हा त्याची सर्वांत निकड बुरुलबाईंना होती. त्यांचा पुढचा दात ठणकत होता. बाई लोखंडी मोरचंग वाजवत, आणि ते वाद्य दातांना टेकवूनच वाजतं. दात गेला की वाजवणं संपलं.

"लेझरने मुळातले जंतू मरतील, दात वाचेल," दंतवैद्य चोल्पोन म्हणाली. "बसा खुर्चीत."

"थांब गं!" दवाखान्याचे प्रमुख कुबातसाहेब धावत आले. "आधी थोरांचा मान. मेजवानीत मेंढीचं डोकं आपण पहिल्यांदा कोणापुढे ठेवतो?"

तत्त्व निर्विवाद होतं. गावातले सर्वांत वृद्ध दायीरआजोबा खुर्चीत स्थानापन्न झाले. त्यांनी दोन्ही तळहात वर करून यंत्राला आशीर्वाद दिला आणि तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता.

"साहेब, यात नळी कुठे शोधू?"

"मान दाताचा नसतो, माणसाचा असतो. सोड किरण!"

किरण सोडण्यात आला. आजोबांना काहीच दुखलं नाही. मग त्यांच्याहून धाकटे बसले, मग त्यांच्याहून धाकटे. सगळ्यांच्या दाढ्या पांढऱ्या आणि तोंडं रिकामी. घोडीच्या दुधाचे वाडगे फिरत राहिले. संध्याकाळी अहवाल वर गेला: उपचारानंतर एकाही रुग्णाचा दात दुखत नाही, यश शंभर टक्के. राजधानीतून शाबासकी आली आणि हा आकडा कायम राखावा, असा आदेशही आला.

बुरुलबाई गाल धरून पुढे सरकल्या.

"तुम्हाला कसं घेऊ, ताई?" कुबातसाहेब कळवळले. "तुम्हाला दात आहे. दात म्हटला की तो दुखूही शकतो. आकडा घसरला तर यंत्र परत जाईल. गावाचं नुकसान कराल?"

"मग मी काय करू, मेल्या?"

"पात्र व्हा."

चोल्पोनने चिमट्याला हात लावायला साफ नकार दिला, म्हणून साहेबांनी स्वतःच अस्तन्या सारल्या. ठणक मस्तकात गेली होती. बाईंनी तोंड उघडलं. दात निघाला आणि रिकाम्या जागेवर सन्मानपूर्वक किरण सोडण्यात आला.

यशाच्या समारंभात बाईंना वाजवायला बसवलं. मोरचंगातून नुसती फूसफूस आली. बाई ढसाढसा रडल्या.

"बघा," साहेब गहिवरले, "आनंदाश्रू!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

वाचकहो, हसू येतंय ना? हसा, पण ओठ मिटून. उपचारपथक आता गावोगाव निघालं आहे, आणि ज्याचे दात दिसतील तो उपचाराविना राहिलेला समजला जातो.